सरांनी सोललेला कोबा

आमच्या फिजिक्स डिपार्टमेंटची जुनी मंडळी अजूनही वर्षातून एखाद्या वेळेला जेवायला जमतात. ताटं वाढून होईपर्यंत गुडघे आणि बीपी. पहिला घास पोटात गेला की कुणीतरी म्हणतंच, "ए, ते एस्टीतलं सांग की!" मग काय, जेवण बाजूला! हे किस्से इतक्यांदा सांगून झालेत की आता कुठला कुणाचा तेच कळेनासं झालंय. मल्लेशमची फजिती मी सांगते, माझी मल्लेशम सांगतो. आणि आमच्यानंतर नोकरीला लागलेली मुलंसुद्धा आपण तेव्हा तिथंच उभे होतो अशा थाटात मधे मधे दुरुस्त्या करतात!

सगळे किस्से फिरतात ते एका माणसाभोवती. आमचे बिराजदार सर. अक्कलकोटकडच्या एका खेड्यातले. घरात कन्नड, वर्गात इंग्रजी, आमच्याशी मराठी, आणि आनंद झाला की तिन्ही एकदम! आणीबाणी नुकतीच उठली होती, तेव्हाची ही गोष्ट. मी डेमॉन्स्ट्रेटर म्हणून नवीनच लागले होते. डिपार्टमेंटमधली पहिली बाई. बाकीचे 'मिस कुलकर्णी' म्हणायचे. सर पहिल्या दिवसापासून म्हणाले, "ये तंगी, बस."

कन्नडमध्ये तंगी म्हणजे धाकटी बहीण. मला काय माहीत! सरांच्या घरी कसलीतरी फार तंगी आहे आणि ते बिचारे मला सुचवतायत, असं मी पहिला आठवडाभर समजत होते. शेवटी न राहवून विचारलं, "सर, मी काही मदत करू का?"

सर म्हणाले, "कर की. त्यासाठीच तर बोलावतोय!"

*

मल्लेशम आमच्या लॅबचा मेकॅनिक. सोलापूरच्या भवानी पेठेतल्या तेलुगू विणकर घरातला. एकदा तो काही दिवस कामावर आलाच नाही, म्हणून सर आणि मी त्याच्या घरी गेलो. घराला कुलूप. शेजारीण म्हणाली, आईच्या शेडवर गेलाय.

शेड म्हणजे पत्र्याची लांबडी खोली. खाली सिमेंटचा कोबा. त्यावर बायका ओळीनं बसून कांड्या भरत होत्या, म्हणजे मागाच्या धोट्यात बसणाऱ्या नळ्यांवर चरख्यानं सूत गुंडाळत होत्या. मल्लेशमची आई नरसम्मा त्यांच्यात सगळ्यात थोरली आणि तोंडानं सगळ्यात तिखट. तिच्या टाचेला खोल जखम होती. मलम लावलं की भरायची, शेडवर येऊन बसली की पुन्हा उघडायची. मल्लेशम तिला दवाखान्यात ने-आण करत होता आणि घरी बस म्हणून भांडत होता.

सरांनी टाच बघितली. मग टाचेखालचा कोबा बघितला. कोब्यावर पिवळी पूड फुलून आली होती.

त्या शेडमध्ये पूर्वी सूत रंगवायचा कारखाना होता. रंग पक्का बसावा म्हणून क्रोमचं पाणी वापरत. कारखाना बंद पडला, मालक गाव सोडून गेला, पण ते विषारी पाणी कोब्याच्या अंगात मुरून बसलं. ओल आली की पिवळं होऊन वर यायचं आणि बायकांची कातडी खायचं. एकदा वरून नवीन सिमेंट ओतून बघितलं होतं. पुढच्या पावसाळ्यात पिवळं त्यातूनही वर आलं!

सर खाली बसून कागदाच्या कपट्यानं ती पूड उचलायला लागले तशी नरसम्मा म्हणाली, "हात नका लावू सार. आमच्या शेडला रोज हळद लागतीय. लग्न तेवढं व्हईना!"

सगळ्या बायका खो खो हसल्या. सर हसले नाहीत. परतताना सायकलवर बसलेच नाहीत, ती हातात धरून चालत राहिले. भागवत टॉकीज मागे पडल्यावर म्हणाले, "फोडला तर धूळ उडते, ती बायकांच्या छातीत जाणार. झाकला तर वर येतो. म्हणजे सोललाच पाहिजे."

"काय सर?"

"कोबा. मोसंबं सोलतो तसा, वरच्यावर."

*

आता एस्टीतलं.

सरांनी कुठल्याशा परदेशी मासिकात वाचलं होतं की मायक्रोवेव्हनं दगड फोडता येतो. आज घरोघरी मायक्रोवेव्ह आहे. तेव्हा सोलापुरात तो शब्द लिहायचा झाला तरी आम्ही आधी फळ्यावर लिहून बघायचो! त्या लहरी तयार करणाऱ्या नळीला मॅग्नेट्रॉन म्हणतात. पुण्यातल्या एका प्रयोगशाळेनं आपला जुना मॅग्नेट्रॉन मोडीत काढला होता. सरांचे एक वर्गमित्र तिथे होते. सर गेले आणि तो घेऊन आले.

आणला कसा? तर सोलापुरी चादरीत गुंडाळून, मांडीवर घेऊन, एस्टीनं. धक्का लागू नये म्हणून छातीशी धरलेला. इंदापूरला एक म्हातारी गाडीत चढली. सरांकडे बघून तिचा जीव कळवळला. "बाईमाणूस न्हाय व्हय संगं? लेकराला ऊन लागतंय की. हिकडं सावलीला सरका."

सर मुकाट्यानं सरकले.

"लई गप हाय. आजारी हाय का?"

सरांना खोटं बोलता येत नसे. ते म्हणाले, "चालू झाल्याशिवाय सांगता येणार नाही."

म्हातारीला वाटलं पोराचे पाय अधू आहेत. तिनं डोळ्याला पदर लावला आणि लेकराच्या डोक्यावरून हात फिरवायला ती वाकली. मॅग्नेट्रॉनला चांगलं दणकट लोहचुंबक असतं. म्हातारीच्या कमरेचा किल्ल्यांचा जुडगा खाड्‌कन उडाला आणि चादरीला जाऊन चिकटला!

सर घामाघूम. म्हातारीनं जुडगा ओढून बघितला, सुटेना. पुन्हा ओढला. मग कौतुकानं म्हणाली, "हाताला लई जोर हाय की! चालंल, चालंल. काळजी करू नका."

*

पहिला प्रयोग कॉलेजच्या मागच्या पटांगणात ठेवला होता. एक जुना काँक्रीटचा ठोकळा मांडला. त्यावर पत्र्याचं नरसाळं उलटं धरल्यासारखं आमचं यंत्र. प्राचार्य स्वतः आले, खुर्ची टाकून बसले.

सरांनी समजावून सांगितलं. "काँक्रीट कितीही कोरडं दिसलं तरी त्याच्या पोटात पाणी असतं. लहरींनी ते तापणार, त्याची वाफ होणार. वाफेला बाहेर पडायला वाट नाही. म्हणून ती वरचा पापुद्रा उडवून लावणार. पुरी फुगते ना, तसं. फक्त ही पुरी फुटणार."

स्विच दाबला. यंत्र घूं घूं करायला लागलं. आम्ही सगळे श्वास रोखून उभे. पुरी काही फुगेना! प्राचार्यांचा एक चहा झाला, दुसरा झाला. ठोकळा गरम झाला, बाकी ढिम्म. शेवटी प्राचार्य उठले आणि फार प्रेमानं म्हणाले, "बिराजदार, यावर आंघोळीचं पाणी छान तापेल."

ते गेल्यावर सर ठोकळ्याशेजारी मांडी घालून बसले. सोलापूरचा मे महिना. वरून आग ओततेय. कपाळावरचा घाम पुसता पुसता ते एकदम थांबले. "तंगी, ह्याच्या पोटात पाणी कुठून असणार? आपल्या नळाला नाही, ह्याला कुठून!"

पाणी शोधायचं म्हणजे त्या दिवसांत मोठंच काम. नळ एक दिवसाआड, तोही करंगळीएवढा. मल्लेशमनं लॅबचा प्यायचा माठ उचलून आणला. आम्ही सगळ्यांनी एकदा त्या माठाकडे बघितलं, एकदा सरांकडे, आणि ओतला ठोकळ्यावर! ओली पोती टाकून तो भिजत ठेवला. दुसऱ्या दिवशी पुन्हा यंत्र लावलं.

सगळे कंटाळून गप्पा मारतायत तेवढ्यात फट्‌!

मल्लेशम टेबलाखाली. मी मल्लेशमवर. टाळकं शाबूत आहे का ते चाचपत आम्ही वर बघतोय तर सर धोतराचा सोगा हातात धरून नाचतायत. "नोडू! बघ, बघ तंगी! सुटला! पापुद्रा सुटला!" ठोकळ्यावर बशीएवढा खळगा पडला होता, आणि बाजूला पोपडे, भाजलेल्या पापडासारखे.

आवाज ऐकून प्राचार्य धावत आले. सरांनी एक पोपडा उचलून त्यांच्या हातावर ठेवला. "सर, आंघोळीचं पाणी तापलं!"

*

यंत्र शेडवर नेलं तेव्हा पहिला प्रश्न, सुरुवात कुठून करायची? एका वेळी ताटाएवढीच जागा सोलली जायची आणि मॅग्नेट्रॉन जुना, कुठवर साथ देईल ठाऊक नाही. सर म्हणाले, "ज्यांचा त्रास जास्त, त्यांची जागा आधी. सांगा कुणाची?"

झालं! सोमक्का म्हणे, राजव्वाच्या पायाला जास्त झालंय. राजव्वा म्हणे, माझं काय न्हाय, नरसम्माचं बघा. एरवी याच बायका नळावर एकमेकींच्या घागरी फेकायच्या! कुणीच आपली जागा सांगेना. सर आपले खडू हातात घेऊन उभे.

मल्लेशम कावला. "अम्मा, तुझी टाच बघ की! तुझीच जागा आधी करू."

नरसम्मानं त्याच्याकडे बघितलंही नाही. सरांच्या हातातला खडू घेतला, लंगडत मागच्या कोपऱ्यात गेली. तिथे छपराच्या आडव्या दांड्यांना साड्यांच्या झोळ्या टांगलेल्या होत्या आणि त्यांत बायकांची लेकरं झोपायची. त्या झोळ्यांच्या खाली तिनं हे मोठं वाकडंतिकडं गोल काढलं.

"हितनं," ती म्हणाली. "आमच्या पायानं आता किती चालायचंय सार!"

*

शांतक्का म्हणजे सरांच्या बायको. दोघांचंच घर. मायक्रोवेव्ह अंगावर आली तर डोळ्यांना फार वाईट, मोतीबिंदू होऊ शकतो, हे सर घरी सहज बोलून गेले. पितळी जाळी मधे असली की लहरी अडतात, जाळी मागवली आहे, अजून आली नाही, हेही बोलले. यंत्राजवळ आम्हाला ते येऊ द्यायचे नाहीत. स्वतः मात्र जवळ उभे.

दुसऱ्या दिवशी शेडवर सर आले ते डोक्यावर टोपी आणि टोपीला पुढून शिवलेली पिठाची चाळण! चांगली बारीक तारेची. चाळणीआडून सरांचं तोंड अगदी मधमाश्या पाळणाऱ्यासारखं दिसत होतं. बायकांनी पदर तोंडात कोंबले. लेकरं रडायला लागली.

मी म्हटलं, "सर, हे काय?"

"तुझ्या अक्कानं शिवलंय. घातलं नाही तर जेवण नाही."

जाळी यायला पुढे बरेच दिवस लागले. तोपर्यंत सरांच्या डब्यात कोंड्यासकट भाकरी. घरात चाळणच नव्हती ना! एकदा शांतक्का स्वतः डबा घेऊन आल्या. कडक भाकरी, शेंगाचटणी, दही, आम्हा सगळ्यांना पुरेल एवढं. मी त्यांना म्हटलं, "अक्का, तुम्ही सरांच्या डोळ्यांची किती काळजी घेता हो!"

"कसली काळजी?" त्या म्हणाल्या. "डोळे गेले तर ह्यांच्या मनात मी तरणीताठीच राहीन. मग माझे गुडघे दुखतात हे ह्यांना कधी पटायचं?"

*

यंत्रातून लहरी बाहेर गळतात का हे बघायला सरांची एक युक्ती होती. एक सुटी ट्यूबलाइट हातात धरून यंत्राभोवती फिरायचं. वायर नाही, काही नाही, पण लहर गळत असली तर ट्यूब आपोआप उजळते. उजळली की यंत्र बंद करायचं, फट बुजवायची.

पहिल्या दिवशी सर असे फिरत असताना एका फटीपाशी ट्यूब लख्खकन पेटली. हातातल्या हातात! मग राजव्वानं चरखा सोडला आणि सरळ जमिनीला डोकं टेकलं. तिचं बघून बाकीच्यांनी टेकलं.

सर इतके अवघडले! त्यांनी मराठीत सांगितलं, कन्नडमध्ये सांगितलं, मल्लेशमला तेलुगूत सांगायला लावलं, की बायांनो, ही पेटली तर वाईट. नाही पेटली तर चांगलं. बायकांनी माना डोलावल्या.

सरांनी फट बुजवली. दुसऱ्या दिवशी पुन्हा ट्यूब घेऊन यंत्राभोवती पूर्ण चक्कर मारली. ट्यूब कुठेच पेटली नाही. सर खूश होऊन वळले, तर सगळ्या बायकांचे चेहरे पडलेले!

राजव्वा हळूच त्यांच्याजवळ आली. दंडाला हात लावून म्हणाली, "असू दे सार. देव एकेक दिवस न्हाय पावत. तुमी मन घट्ट ठेवा."

*

शेडच्या भिंतीला लागून कादरभाईंचे माग होते. आमचं यंत्र लागलं की त्यांच्या रेडिओची खरखर सुरू. एक दिवस ऐन क्रिकेट कॉमेंट्रीत खरखर झाली आणि कादरभाई भिंतीला वळसा घालून तावातावानं आले.

"प्रोफेसरसाब! ये काय लावलंय? शेवटचा गडी खेळायलाय और तुमारा मशीन घूं घूं! औट हुआ की नै, काइच समजेना!"

सरांनी यंत्र बंद केलं, चाळण वर केली, माफी मागितली. आणि काय करतोय ते सांगितलं. कादरभाईंनी सोललेली जागा बघितली. पोपडे बघितले. ते पोपडे आम्ही ओले करूनच उचलायचो, तोंडाला ओलं फडकं बांधून, आणि पत्र्याच्या ड्रममध्ये सीलबंद करायचो. कॉलेजातले शिपाई त्या ड्रमांना 'सरांचं लोणचं' म्हणायचे. मग कादरभाईंची नजर नरसम्माच्या पायाच्या बँडेजवर गेली. ते तसेच वळले आणि निघून गेले.

मल्लेशम म्हणाला, "आता म्युनिसिपालटीत कंप्लेंट करतंय बघा."

थोड्या वेळानं कादरभाईंचा माणूस जाडजूड वायरचं भेंडोळं घेऊन आला. मागून कादरभाई. म्हणाले, "इस शेड की लाइन कमजोर है. तुमारा फ्यूज सारका जातंय, मी बघतोय ना. जुम्म्याला दुपारून आमचे माग बंद. मेरे मीटर की लाइन घेवो, पायजे तेवडा चलाव."

सर म्हणाले, "आणि रेडिओ?"

"रेडिओ तो कल बी बजताय साब," कादरभाई म्हणाले. "बुड्डी के पाँव का कल किसने देख्या?"

*

मग एक दिवस मॅग्नेट्रॉन गेला.

काही मोठं झालं नाही. घूं घूं चाललेलं, ते हळू हळू बारीक होत थांबलं. मल्लेशमनं सगळ्या वायरी तपासल्या. सरांनी झाकण उघडून बघितलं आणि पुन्हा लावलं. दुसरा मिळणं शक्य नव्हतं हे आम्हाला तिघांनाही माहीत होतं.

मागचा कोपरा झाला होता, सगळ्यांच्या बसायच्या जागा झाल्या होत्या. नरसम्माची टाच भरत आली होती. राहिला होता दाराजवळचा एक पट्टा. खाटेएवढा. पण सरांचं तोंड असं झालं होतं की जणू सगळंच काम वाया गेलं. त्या पट्ट्याकडे बघत भिंतीला टेकून बसले. म्हणाले, "एवढं राहिलं. शेवटपर्यंत नेता आलं नाही मला."

नरसम्मा उठली. कुठूनतरी पत्रा ओढत आणला आणि त्या पट्ट्यावर टाकला. दारातल्या सगळ्या चपला गोळा केल्या आणि त्या पत्र्यावर ओळीनं मांडल्या. सरांच्यासुद्धा.

"वाईट जागेला चपला, चांगल्या जागेला माणसं," ती म्हणाली. "देवळात बी असंच असतंय की सार!"

सरांना हसू फुटलं. हसता हसता त्यांनी चष्मा काढला आणि बराच वेळ पुसत बसले.

*

आता शेवटचं. हे मात्र जेवणाच्या टेबलावर कुणी सांगत नाही. घरी निघताना, दारात उभं राहून, एखाद्या वेळी.

काम थांबलं तरी कोबा खरंच स्वच्छ झाला की नाही हे पावसाळ्यानंतरच कळणार होतं. ओल येणार, आणि आत काही उरलं असेल तर पिवळं होऊन वर येणार. पावसाळा गेला. दसऱ्याच्या सुमारास सर आणि मी शेडवर गेलो. केमिस्ट्रीवाल्यांकडून सरांनी एक औषध आणलं होतं. क्रोम असेल तर ते जांभळं होतं. मागच्या कोपऱ्यात त्यांनी ओल्या पांढऱ्या कापडानं कोबा पुसला, कापडावर औषधाचा थेंब टाकला. जांभळं झालं नाही. दुसरीकडे पुसला. नाही. कोपरा न्‌ कोपरा पुसला, चपलांचा पट्टा सोडून. कापड पांढरं ते पांढरं!

सर म्हणाले, "झालं. आता लेकरांना खाली सोडा."

एकही बाई हलली नाही.

मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. त्या शेडमध्ये लेकरं जमिनीवर कधी ठेवतच नसत. झोळीत, मांडीवर, खांद्यावर. रांगायच्या वयाची पोरंसुद्धा कडेवर. बायका स्वतः त्या कोब्यावर दिवसदिवस बसल्या होत्या, पण लेकराचा गुडघा त्याला लागू दिला नव्हता.

लक्ष्मी म्हणून शेडमधली सगळ्यात तरुण बाई होती. तिची पोरगी कडेवरून खाली सुटायला धडपडत होती. लक्ष्मीनं तिला आणखीच घट्ट धरलं. म्हणाली, "सार, तुमी म्हणता ते खरं आसंल. माझं हातच सुटंना."

सरांनी पुन्हा कापड दाखवलं. लक्ष्मीनं मान हलवली.

मग सरांनी टोपी काढून माझ्याकडे दिली, खाली बसले, आणि त्या कोपऱ्यात सरळ आडवे झाले. पालथे. गाल कोब्याला लावला, दोन्ही तळहात कोब्याला लावले, आणि डोळे मिटले. पांढरा शर्ट, पांढरं धोतर.

पलीकडे कादरभाईंचे माग तेवढे खटखटत होते.

लक्ष्मी खाली बसली. हात सैल केले. पोरगी घसरून खाली आली आणि गुडघे कोब्याला टेकले तशी थबकली. हातानं कोबा थोपटून बघितला. पुन्हा थोपटला. मग रांगत, थांबत, रांगत सरांच्या तोंडापाशी गेली आणि त्यांचा कान धरला.

सर हलले नाहीत. सोमक्कानं आपलं नातवंड खाली ठेवलं. मग राजव्वाच्या सुनेनं आपलं. एक पोर सरांच्या पाठीवर चढलं.

मी हळूच म्हटलं, "सर, उठता का? झालं आता."

"सुम्म कूड, तंगी," ते डोळे न उघडता म्हणाले. गप बस.

तेवढ्यात शांतक्का डबा घेऊन दारात आल्या. त्यांना यातलं काही माहीत नव्हतं. नवरा जमिनीवर पालथा, पाठीवर एक लेकरू, कानाशी एक. आम्ही सगळे भिंतीला लागून उभे. नरसम्मा त्यांना सांगायला पुढे झाली, पण शांतक्कांनी हातानंच तिला थांबवलं. डबा खाली ठेवला, पदर खोचला, दुखरे गुडघे सांभाळत हळू हळू खाली बसल्या, आणि लक्ष्मीच्या पोरीच्या दुसऱ्या बाजूला, सरांकडे तोंड करून, कोब्याला गाल लावून आडव्या झाल्या.